अवंतीचा मंगळ

धाकट्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. फोंड्याच्या अलीकडे, डोंगरउतारावर चिऱ्याचं घर. पाऊस नुकताच ओसरला होता, गडग्यावर अजून हिरवं शेवाळ होतं आणि ओल्या तांबड्या मातीचा वास दारातून थेट होमाच्या धुरात मिसळत होता. चौरंगावर पांढरं वस्त्र, त्यावर तांदळाच्या नऊ लहान राशी, प्रत्येक राशीवर एक सुपारी. भटजी प्रियोळचे, वयस्क, आवाज बसलेला, तरी एकेक शब्द सुटा ऐकू येणारा. सूर्याला त्यांनी मधोमध बसवलं, तोंड पूर्वेला. चंद्र आग्नेयेला, मंगळ दक्षिणेला, बुध ईशान्येला. प्रत्येकाला ते नावानं नुसतं हाक मारत नव्हते, त्याची सगळी ओळख सांगून बोलावत होते. ‘कलिंगदेशोद्भव काश्यपसगोत्र सूर्य, इहागच्छ, इह तिष्ठ.’ कलिंग देशात जन्मलेल्या, काश्यप गोत्राच्या सूर्या, इकडे ये, इथे बस. मग चंद्र, यमुनातीरावरचा, आत्रेय गोत्राचा. मग मंगळ. ‘अवंतिदेशोद्भव भारद्वाजसगोत्र भौम, इहागच्छ, इह तिष्ठ.’ माझी भाची साहित्य पुढे करत होती. तिनं तांबडं फूल मंगळाच्या सुपारीवर ठेवलं, हात मागे घेतला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मावशी, ह्याला आपण इतक्या मानानं पाटावर बसवतो. मग हा माझ्या पत्रिकेत आहे म्हणून मला कोणी पाटावर बसवून घेत नाही, ते कसं?”

त्याच आठवड्यात तिची पत्रिका एका घरून परत आली होती. मुलामुलीचं बोलणं झालं होतं, दोघांना पसंत होतं, आणि मग तिकडच्या ज्योतिषानं ‘कडक मंगळ’ असं सांगितलं. फोनवर दोन ओळींचा निरोप आला. तिनं तो मला दाखवला होता तेव्हा काहीच बोलली नव्हती. ती बोलली ती इथं, धुरानं डोळे चुरचुरत असताना, मंगळाच्या समोर. भटजींनी ऐकलं असावं, कारण बुधाला हाक मारण्याआधी ते क्षणभर थांबले. मग पुढे सुरू झाले. उत्तर कोणीच दिलं नाही, आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

पत्रिकेतला मंगळ आणि पाटावरचा मंगळ हे दोन वेगळे मंगळ आहेत की काय, असं त्या रात्री मला वाटत राहिलं. पत्रिकेत तो एका चौकोनात लिहिलेलं एक अक्षर असतो. स्थान, दृष्टी, दोष. पाटावर मात्र त्याला गाव आहे, गोत्र आहे, वाहन आहे, आवडता रंग आहे, आवडतं धान्य आहे. होमात त्याच्यासाठी खैराची समिधा लागते. सूर्याला रुई, चंद्राला पळस, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला औदुंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. हा क्रम याज्ञवल्क्यस्मृतीत आहे, म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपेक्षाही जुना. आकाशात ज्यांच्यापर्यंत कोणाचा हात पोचत नाही, त्यांच्यासाठी आपल्या परसातलं आणि रानातलं काय खुडून आणायचं हे कोणीतरी बसून ठरवलं. इतकं जवळचं नातं आपण नातेवाइकांशीही क्वचित ठेवतो.

आणि गाव. गोव्यातल्या माणसाला गाव विचारणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजावणं कठीण आहे. ‘तुमी खंयचे?’ ह्या प्रश्नाला आमच्याकडे एका शब्दात उत्तर नसतं. राहायला फोंड्यात, मूळ केळशीचे. राहायला म्हापशात, देव म्हार्दोळला, त्याआधी वेर्णे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकानं मंगेश कुठ्ठाळीहून निघून नदीपार प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. देवांनाच घर सोडावं लागलं, तिथं माणसांचं काय. तेव्हापासून आमच्या ओळखीत नेहमी दोन ठिकाणं असतात, एक जिथं पाय आहेत ते आणि एक जिथून निघालो ते. म्हणून भटजी ‘कलिंगदेशोद्भव’ म्हणतात तेव्हा मला तो शब्द परका वाटत नाही. सूर्यसुद्धा कुठूनतरी आलेला. शनी सौराष्ट्राचा, गुरू सिंधू देशाचा, बुध मगधाचा, केतू अंतर्वेदीचा. सगळे आपापल्या गावाहून निघून आमच्या बहिणीच्या हॉलमध्ये तांदळाच्या राशीवर येऊन बसले होते, आणि यजमानांना त्यांची मूळ गावं ठाऊक होती.

सूर्याच्या गावी मी जाऊन आले आहे. कोणार्क त्याच कलिंग भूमीत. रथाची ती प्रचंड दगडी चाकं सगळे बघतात. मला जास्त आठवते ती देवळाच्या पूर्वेकडच्या दारावर एके काळी असलेली नवग्रहांची शिळा. काळसर दगड, त्यात ओळीनं बसलेले नऊ जण. आता ती एका साध्या छपराखाली आहे आणि तिची पूजा होते. मुख्य देवळात पूजा नाही, पण ह्या नऊ जणांना फुलं मिळतात. मोठं घर पडलं तरी दाराशी बसलेल्यांना लोकांनी सोडलं नाही, ह्याचं मला फार बरं वाटलं.

ही नऊ जणांची मंडळी परिपूर्ण मुळीच नाहीत. चंद्र दक्षाच्या शापानं झिजतो, त्याच्यावर डाग आहे आणि गुरूच्या बायकोला पळवल्याचा ठपकाही. बुध त्याच प्रकरणात जन्मलेला, म्हणजे ज्याच्या बापावरून भांडण झालं असा मुलगा. शुक्राचा एक डोळा बळीच्या झारीत गेला. सूर्याचा ताप सहन न होऊन संज्ञा घर सोडून गेली आणि आपल्या जागी छायेला ठेवून गेली. शनी त्या छायेचा मुलगा, लंगडत चालणारा, म्हणून सगळ्यांत सावकाश, साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी. राहूला धड नाही, केतूला डोकं नाही. पुराणकारांनी ग्रहांना एकेक व्यंग, एकेक जखम दिली, आणि तरीही विधी सांगतो की ह्यांतला एकही वगळायचा नाही. आठ जणांना बोलावून नवव्याला दाराबाहेर ठेवता येत नाही.

मांडणीत ते एकमेकांसमोरही येत नाहीत. शुक्र आणि सूर्य पूर्वेकडे बघतात, गुरू आणि बुध उत्तरेकडे, शनी आणि चंद्र पश्चिमेकडे, उरलेले तिघे दक्षिणेकडे. ज्यांचं पटत नाही त्यांनाही एका चौरंगावर जागा मिळावी, अशी ही सोय. मला ती फार शहाणपणाची वाटते. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात पंगतीची पानं कशी मांडायची ह्यावर आई असाच विचार करत असे.

जगात इतरत्र लोकांनी ग्रहांशी वेगळं नातं जोडलं. रोमन साम्राज्यात मित्र (मिथ्रास) नावाच्या देवाच्या गुप्त पंथात साधकाच्या सात पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरी एका ग्रहाच्या आश्रयाखाली. सगळ्यांत वरची शनीची. रोमजवळच्या ओस्टिया ह्या जुन्या बंदरात त्यांचं एक मंदिर आहे, त्याच्या जमिनीवर सात कमानी काढलेल्या आहेत, सात गोलांच्या. साधक त्यांच्यावरून पुढे सरकायचा. म्हणजे ग्रह ही चढायची शिडी होती. इस्लामी परंपरेत पैगंबरांच्या मिराजची, आकाशारोहणाची कथा आहे. प्रत्येक आकाशाच्या दाराशी आतून विचारलं जातं, कोण आहे? तुझ्याबरोबर कोण आहे? नाव सांगितल्यावर दार उघडतं आणि आत एकेक पूर्वीचा पैगंबर भेटतो, पहिल्या आकाशात आदम, सातव्यात इब्राहिम. पुढे इब्न अरबींसारख्या सूफींनी ह्याच सात आकाशांना सात ग्रहांचे गोल जोडले. चंद्राच्या आकाशात आदम, सूर्याच्या आकाशात इद्रीस, शनीच्या आकाशात इब्राहिम. मला त्या कथेतला दाराशी विचारलेला प्रश्न सोडवत नाही. वर जाणाऱ्याला ग्रहांच्या दाराशी ओळख सांगावी लागते. आमच्या विधीत उलट आहे. आम्ही ग्रहांना खाली बोलावतो आणि त्यांची ओळख आम्हीच सांगतो, म्हणजे घरातल्या बाकीच्यांना कळावं की आलेला पाहुणा कोण.

ज्ञानदेवांनी तिसरीच वाट धरली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होते तेव्हा शरीरातच वर चंद्रामृताचं तळं आहे आणि ते कलंडतं. इडा चंद्राची, पिंगळा सूर्याची, आणि सगळं आकाश पाठीच्या कण्यात उभं. पण मला त्याहून जास्त जवळचं वाटतं ते ग्रंथ संपल्यावर त्यांनी मागितलेलं पसायदान. शके १२१२ म्हणजे १२९० साल. त्यांनी डाग नसलेले चंद्र मागितले आणि न पोळणारे सूर्य मागितले, आणि ते आकाशात नकोत, माणसांत हवेत, सज्जन म्हणून सगळ्यांचे सोयरे व्हायला हवेत. संज्ञेला घर सोडावं लागलं तो ताप, दक्षाच्या शापानं आलेला तो क्षय, हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानं केलेली ही मागणी आहे. ग्रहांचं व्यंग माणसाच्या चांगुलपणानं भरून काढायचं. ह्यापुढे कुठलीही शांत मला लहान वाटते.

गोव्यात राहून हा विषय फक्त हिंदू घरापुरता ठेवता येत नाही. मांडवीच्या पलीकडे, पणजीसमोर रेईश मागूशचा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी १५५५ साली फ्रान्सिस्कनांनी बांधलेली तीन राजांची इगर्ज, म्हणजे चर्च. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात हे राजे नाहीतच. तिथं आहेत पूर्वेकडून आलेले, तारा पाहून बाळ येशूच्या दर्शनाला निघालेले ज्ञानी. किती होते तेही सांगितलेलं नाही. तीन भेटवस्तूंवरून तीन माणसं झाली, मग त्यांना नावं मिळाली, मग मुकुट, मग देश. पोर्तुगालमधल्या विसेऊच्या कॅथीड्रलसाठी सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला काढलेल्या चित्रात तिघांपैकी एक जण पिसांचा मुकुट घातलेला ब्राझिलचा मूळ रहिवासी आहे. ब्राझिलच्या किनाऱ्याला पोर्तुगीज लागले त्याला तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती. ताऱ्याच्या मागे निघालेल्याला चित्रकारानं नवं गाव दिलं. आणि आमच्याकडे? दर ६ जानेवारीला कांसावलीच्या बाजूला कुयेलीच्या डोंगरावर फेस्त होतं तेव्हा तीन मुलगे राजे होतात, एक कांसावलीचा, एक आरोशीचा, एक कुयेलीचा. वेगवेगळ्या वाटांनी डोंगर चढून वरच्या कपेलात भेटतात. घोड्यावर बसलेला, गळ्यात अबोलीचा हार, जरीचा अंगरखा घामानं भिजलेला, असा एक दहा-बारा वर्षांचा राजा मी अगदी जवळून पाहिला आहे. त्याची आई घोड्याच्या बाजूनं पाण्याची बाटली घेऊन चालत होती. ‘आरोशीचा राजा’ असं लोक त्याला म्हणत होते, आणि मला ‘अवंतिदेशोद्भव’ ऐकू आलं.

ह्याच पोर्तुगीजांचा आठवडा मात्र ग्रहांशिवायचा आहे. सहाव्या शतकात ब्रागाचा बिशप मार्टिन खेडुतांवर रागावला होता, की तुम्ही मंगळ, बुध, शुक्र ह्या जुन्या देवांच्या नावानं दिवस ओळखता. त्याचं ऐकलं गेलं असं दिसतं, कारण पोर्तुगीज माणूस आजही दुसरा, तिसरा, चौथा असे दिवस मोजतो, तर शेजारच्या स्पेनमध्ये मंगळवार अजून मंगळाचाच आहे. असा ग्रह पुसलेला आठवडा घेऊन ते इथं आले, १५१० पासून १९६१ पर्यंत राहिले, एकादशी आणि तुळस ह्यांच्यावर त्यांच्या धर्मसमीक्षण सभेनं, म्हणजे इन्क्विझिशननं, बंदी घातली. पण इगर्जेत जाणारी आमची शेजारीण आजही सोमार, मंगळार, बुधवार, बिरेस्तार, शुक्रार असंच म्हणते. बृहस्पती आणि शुक्राचार्य तिच्या तोंडी रोज असतात. म्हापशाचा शुक्राराचा बाजार पोर्तुगिजांनाही शुक्रारचाच वाटला असेल.

चंद्राची गोष्ट तर आणखी खोल आहे. पणजीच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सायबिणीच्या मूर्तीत, आणि जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयातल्या हस्तिदंती मूर्तींतही, मारियेच्या पायाखाली चंद्रकोर असते. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात सूर्य नेसलेल्या, पायाखाली चंद्र आणि डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट असलेल्या बाईचं दर्शन आहे, ती ही. त्या कोरीकडे बघताना मला पारोड्याच्या डोंगरावरचा चंद्रेश्वर आठवतो, जिथं चंद्र पायाखाली नसून शिवाच्या माथ्यावर आहे. कोणी माथ्यावर घेतला, कोणी पायाशी ठेवला. दोघांच्या आराधनेतून तो सुटला नाही. सणांचं गणितही त्याच्याच हातात. २०२४ साली २४ मार्चच्या रात्री फाल्गुनी पौर्णिमेची होळी पेटली, रोमटांचे, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकींचे, ढोल सुरू झाले; त्याच आठवड्यात २९ तारखेला गुड फ्रायडे आणि ३१ ला ईस्टर. दोन्हीकडचे लोक एकाच पौर्णिमेचं पंचांग पाळत होते. एका रस्त्यावर गुलाल सांडलेला आणि पुढच्या वळणावर काळ्या कपड्यांतली मिरवणूक. तो आठवडा मी विसरणार नाही.

ग्रहांची भीती मी पहिल्यांदा पाहिली ती १६ फेब्रुवारी १९८० ला. शनिवार, अमावास्या, दुपारचं सूर्यग्रहण. कारवार-अंकोल्याकडे ते खग्रास होतं, आमच्याकडे सूर्याची बारीक कोर उरली होती. घराची दारं-खिडक्या बंद. लोणच्याच्या बरणीवर, पाण्याच्या हंड्यावर दर्भ. आजी जप करत बसलेली आणि आम्ही मुलं तिच्या भोवती. घर कौलारू. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे सारवलेल्या जमिनीवर पडायचे ते रोजचेच होते, गोल, पावलीसारखे. त्या दुपारी ते गोल उरले नाहीत. जमिनीवर शेकडो कोरी पसरल्या, सगळ्या एकाच बाजूनं खाल्लेल्या. दारं लावून ज्याच्यापासून आम्ही लपलो होतो तो कौलांतून आत उतरून आमच्या पायांपाशी आला होता. मी किंचाळले. आजी किंचाळली नाही. तिनं जप थांबवला, ती जमीन नीट निरखली, आणि बाजूला ठेवलेलं उडीद भरलेलं सूप एका कोरीवर सरकवलं. “आला ना घरात? मग त्याचं त्याला देऊया,” म्हणाली. संध्याकाळी ते उडीद दान गेले.

नवग्रह मंडलात राहूचं चिन्ह सूप आहे आणि त्याचं धान्य उडीद, हे मला फार वर्षांनी कळलं. त्याहून उशिरा वराहमिहिर वाचला. सहाव्या शतकातल्या ह्या माणसानं बृहत्संहितेत अगदी स्पष्ट लिहिलं आहे की चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि सूर्यग्रहणात चंद्र सूर्याच्या आड येतो. राहूचा त्यात हात असता तर दोन्ही ग्रहणं अशी वेगवेगळी झाली नसती. इतकं सांगून झाल्यावर तो राहूला हाकलून देत नाही. म्हणतो, ग्रहणकाळी जे दान आणि हवन होईल त्यात तुझा वाटा, असा वर ब्रह्मदेवानं त्या असुराला दिलेला आहे. गणितात राहूला जागा नाही, पंगतीत आहे. आजी वराहमिहिर वाचली नव्हती, पण दोघं एकाच बाजूची. जो समोर आला त्याचं नाव ठाऊक करून घ्यायचं, त्याचा वाटा काढायचा, आणि भ्यायचं नाही.

आता ह्याच्या शेजारी ती पत्रिका ठेवून बघा.

लग्नस्थानापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मंगळ आहे म्हणतात. बारापैकी पाच घरं. मंगळ एका राशीत सरासरी जवळजवळ दोन महिने असतो, आणि लग्नरास मात्र साधारण दर दोन तासांनी बदलते. म्हणजे रोज, अगदी रोज, चोवीसपैकी सुमारे दहा तास जन्मणारं प्रत्येक मूल मंगळाचं. गोव्यातल्या कुठल्याही इस्पितळातल्या पाळण्यांच्या रांगेत जवळजवळ निम्मी बाळं अशी निघतील. काही जण दुसरं घरही धरतात, काही चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. मग मंगळ नसलेलं माणूस शोधावं लागेल. ग्रंथांत परिहारही भरपूर आहेत, मंगळ स्वराशीत असला तर, उच्चीचा असला तर, दोघांनाही असला तर. हे सगळं ठाऊक असलेले जुने ज्योतिषी पत्रिका हातात घेऊन तास-तास बसत. आता फोनमध्ये जन्मवेळ घातली की तांबड्या अक्षरात उत्तर येतं आणि एका मुलीचं आयुष्य दोन ओळींत परत पाठवलं जातं. मला ह्याचा राग आहे, आणि तो राग ग्रहांवर नाही.

कारण मंगळ कोण आहे? भौम. भूमीचा मुलगा. स्तोत्रात त्याला धरणीच्या गर्भातून आलेला म्हटलं आहे, विजेच्या कांतीचा, हातात शक्ती घेतलेला कुमार. नवग्रहांत आमच्या ह्या पृथ्वीला आई म्हणणारा तोच. ज्योतिषातसुद्धा जमीन आणि घर ह्यांचा कारक मंगळच. म्हणजे बहिणीच्या वास्तुशांतीत नऊ पाहुण्यांपैकी ज्याचा मान त्या दिवशी सगळ्यांत मोठा होता, तो दक्षिणेला बसलेला तांबड्या फुलाचा. मंगळ तांबडा दिसतो तो त्याच्या मातीतल्या लोहाच्या गंजामुळे. गोव्याचा चिरा तांबडा आहे तोही लोहामुळेच. ज्या चिऱ्यांच्या भिंतींत आम्ही बसलो होतो, जी माती पायाला लागून नव्या लादीवर उमटत होती, तिचा आणि त्याचा रंग एकाच धातूचा. जुन्यांना हे रसायन ठाऊक नव्हतं. त्यांनी वर तांबडा ठिपका पाहिला, खाली तांबडी माती पाहिली, आणि मायलेकांचं नातं लावलं.

शिवाय तो भारद्वाज गोत्राचा. माझं आणि बहिणीचं माहेर भारद्वाज. म्हणजे विधीच्या भाषेत बोलायचं तर मंगळ माझ्या भाचीच्या आजोळचा आहे, मामाच्या जागी. आमच्या लग्नांत नवरीला मांडवात कोण आणतं? अंतरपाट धरलेला असताना तिच्या पाठीशी कोण उभं असतं? हे मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, “मावशी, मला शांत करायला सांगू नका कोणी. त्याला शांत करायचं कशाला? तो रागीट आहे तर राहू दे, मीही आहे.” मी तिला तसं सांगणार नव्हते. नाशिक-उज्जैनीला जाऊन शांत करून आणण्याचे सल्ले तिच्या आईला रोज मिळतात. उज्जैनी म्हणजेच जुनी अवंती. तिथं ती गेली तर मला आवडेल, पण मंगळाच्या गावाला पाहुणी म्हणून, अपराधी म्हणून नको.

आणखी एक गडबड ऐकू येते आहे. २९ मार्च २०२५ ला शनी मीन राशीत गेला आणि मेषेची साडेसाती सुरू झाली. बहिणीची रास मेष. तिच्या फोनवर रोज काळ्या पार्श्वभूमीवरचे इशारे येतात. आमच्या वडिलांच्या वेळी साडेसाती आली की शनिवारी संध्याकाळी घरात शनिमाहात्म्य वाचलं जायचं. तेलाचा दिवा, माजघरातली अर्धवट उजेडातली माणसं, वडिलांचा एकसुरी आवाज. विक्रमराजाच्या सभेत पंडित एकेका ग्रहाची थोरवी सांगतात, शनीचं वर्णन आल्यावर राजा त्याला हसतो, आणि मग त्याचे दिवस फिरतात. भिंतीवरचा चित्रातला हंस खुंटीवरचा हार गिळतो, चोरीचा आळ विक्रमावर येतो, त्याचे हातपाय तोडले जातात. तेल्याच्या घाण्यावर बसून तो बैल हाकतो आणि रात्री गातो. दीपराग लागल्यावर गावातले दिवे आपोआप पेटतात. लहानपणी ह्या ठिकाणी आम्ही सगळी मुलं श्वास रोखून समईकडे बघायचो.

पोथीत भीती पुष्कळ आहे, पण तिचा शेवट भीतीत होत नाही, हे आता वाचताना लक्षात येतं. साडेसात वर्षं भरतात, शनी समोर उभा राहतो, हातपाय परत देतो आणि माग म्हणतो. विक्रम राज्य मागू शकला असता. तो म्हणतो, मला जसं गांजलंस तसं आणखी कोणाला गांजू नकोस. ज्याचं सगळं गेलं त्यानं स्वतःसाठी न मागता पुढच्या अनोळखी माणसासाठी मागितलं, आणि ह्या मागणीवर शनी प्रसन्न झाला. भीती विकणारे ही ओवी कधी पुढे पाठवत नाहीत.

बहिणीला मी ती पोथी दिली आहे. वडिलांचीच प्रत, पानांच्या कडा तेलकट. पहिल्या शनिवारी भाची वाचणार आहे, कारण आईचा चष्मा बदलायचा आहे. मी तिला एवढंच म्हटलं की विक्रमाची मागणी आली की थांब, आणि ती मोठ्यानं वाच, शेजारपाजारच्या घरांत ऐकू जाईल अशी. तिनं विचारलं, मंगळाची अशी पोथी नाही का? सत्यनारायणासारखी किंवा शनीसारखी घरोघरी वाचली जाणारी नाही, म्हटलं. “मग कोणीतरी लिहायला हवी,” ती म्हणाली, आणि अवंतीहून निघालेला तो घाट उतरून गोव्यात कुठल्या वाटेनं आला असेल, चोर्ल्यानं की अनमोडानं, ह्यावर आमचं भांडण सुरू झालं.